न आलेल्या तापाचा हिशेब

रुग्णालय या संस्थेची सारी रचना एका साध्या गृहीतावर उभी आहे. खाटेवर पडलेला तो रोगी आणि खाटेशेजारी उभा असलेला तो निरोगी, हे ते गृहीत. औषध कोणाला द्यावयाचे, वेगळ्या खोलीत कोणाला ठेवावयाचे, भेटीची वेळ कोणासाठी मर्यादित करावयाची, हे सारे नियम याच सीमारेषेवरून आखले जातात. मोडलेल्या हाडाच्या किंवा मूतखड्याच्या रोग्यापुरते हे गृहीत चालून जाते. इन्फ्लुएंझाची साथ आली की मात्र ही रेषा पुसट होते. कारण या रोगाचा विषाणू खाटेवरचा आणि खाटेशेजारचा असा भेद करीत नाही आणि ज्याच्या शरीरात तो शिरला त्याला प्रत्येक वेळी वर्दीही देत नाही. डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, आया, प्रयोगशाळेतील सहायक, नोंदणीच्या खिडकीतला कारकून यांच्यापैकी कित्येकांना साथीच्या दिवसांत बाधा होऊन जाते आणि त्याचा पत्ता त्यांना स्वतःला किंवा रुग्णालयाला लागत नाही.

हा विषय वैद्यकशास्त्राचा आहे, त्यात इतरांनी लुडबूड कशाला करावी, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्तच आहे. परंतु विषाणू शरीरात काय करतो हे डॉक्टरांनी सांगून झाल्यानंतरही दोन प्रश्न शिल्लक राहतात. बाधितांची मोजणी कशी करावयाची, आणि आजारी माणूस घरी न बसता कामावर का येतो? पहिला प्रश्न संख्याशास्त्राचा आहे आणि दुसरा वेतनाचा व रजेचा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपण चुकीची दिली आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

रक्ताची साक्ष

ज्याला ताप आला नाही त्याला बाधा झाली होती हे कळते कसे, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. विषाणूशी एकदा गाठ पडली की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती रक्तात दीर्घकाळ राहतात. इन्फ्लुएंझाचा विषाणू कोंबडीच्या लाल रक्तपेशींना एकत्र चिकटवतो, असे १९४१ साली अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांनी दाखवून दिले. रक्तात प्रतिपिंडे असतील तर हे चिकटणे थांबते. या साध्या निरीक्षणावर उभारलेली चाचणी आजही वापरात आहे. साथीच्या आधी आणि साथ ओसरल्यावर एकाच माणसाचे रक्त तपासले आणि प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट किंवा त्याहून अधिक वाढलेले आढळले, तर मधल्या काळात त्याला बाधा होऊन गेली असे समजतात. मग त्याला ती आठवो वा न आठवो.

ग्लासगो शहरातील रुग्णालयांच्या ५१८ कर्मचाऱ्यांचे रक्त १९९३-९४ च्या हिवाळ्यातील साथीच्या संदर्भात अशा रीतीने तपासण्यात आले. त्यांतील १२० जणांना, म्हणजे शेकडा २३ जणांना, बाधा झाल्याचे रक्तावरून दिसले. मात्र या बाधितांपैकी ५९ टक्के लोकांना आपल्याला इन्फ्लुएंझा झाल्याचे आठवत नव्हते आणि २८ टक्के लोकांना तर त्या हिवाळ्यात श्वसनाचा कोणताच विकार झाल्याचे स्मरत नव्हते. हे सारे रोग ओळखण्याच्या व्यवसायातले लोक होते, हे येथे विसरता कामा नये.

दुसरा दाखला कॅनडातील आँटेरिओ प्रांताचा. तेथील आठ रुग्णालयांतील परिचारिकांवर २००८-०९ च्या हंगामात एक प्रयोग झाला. साधा शस्त्रक्रियेचा मुखपट्टा आणि ‘एन-९५’ मुखपट्टा यांपैकी अधिक संरक्षण कोणता देतो, हे त्यातून पाहावयाचे होते. दोन्ही गटांत फरक जवळजवळ आढळला नाही. पहिल्या गटातील २१२ परिचारिकांपैकी ५० जणींना आणि दुसऱ्या गटातील २१० पैकी ४८ जणींना बाधा झाली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आकडा वेगळाच आहे. ताप आणि खोकला ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसलेल्या परिचारिका पहिल्या गटात नऊ आणि दुसऱ्या गटात दोन होत्या. म्हणजे बाधित ९८, आणि पाठ्यपुस्तकातील व्याख्येत बसणाऱ्या आजारी केवळ अकरा. रुग्णालयाच्या दारात तापमापक घेऊन पहारेकरी बसवला असता, तर नऊ बाधितांपैकी आठ जणी त्याच्या समोरून निर्वेधपणे आत गेल्या असत्या.

रुग्णालयाबाहेरचे चित्रही फारसे निराळे नाही. इंग्लंडमध्ये २००६ ते २०११ या काळात, म्हणजे २००९ ची महासाथ धरून, हजारो कुटुंबीयांचा पाठपुरावा करण्यात आला. लस न घेतलेल्यांपैकी सरासरी १८ टक्के लोकांना दर हिवाळ्यात बाधा होत होती आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना बाधेमुळे जाणवण्याजोगा आजार झालाच नव्हता. न कळणारी बाधा हा या रोगातला अपवाद नव्हे, तोच बव्हंशी नियम आहे.

हरवलेला छेद

आता आपल्याकडील मोजणीकडे वळू. २००९ च्या महासाथीत भारतातील पहिला रुग्ण १६ मे रोजी हैदराबादेत निश्चित झाला आणि पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात झाला. त्यानंतरचे दिवस पुणेकरांच्या स्मरणात असतील. शाळा-महाविद्यालये व चित्रपटगृहे बंद झाली, औषधांच्या दुकानांतील मुखपट्टे संपले आणि नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. ही गर्दी आवरणे भाग होते. म्हणून ऑगस्टच्या मध्यास केंद्र शासनाने रुग्णांचे अ, ब व क असे तीन वर्ग पाडले. सौम्य लक्षणांचे ते ‘अ’. त्यांची तपासणी नको. तीव्र ताप असलेले किंवा अन्य व्याधींमुळे जोखमीचे ते ‘ब’. त्यांना औषध द्यावे, पण तपासणी नको. श्वास लागणारे व अत्यवस्थ ते ‘क’. त्यांचीच तपासणी करावी व त्यांना दाखल करून घ्यावे.

उपचाराच्या दृष्टीने ही विभागणी शहाणपणाची होती. प्रयोगशाळांची क्षमता मर्यादित होती आणि ती जेथे अधिक उपयोगी तेथे वापरणे योग्यच होते. परंतु तिचा एक परिणाम आकडेवारीवर झाला आणि त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. अधिकृत नोंदींनुसार देशात २००९ साली २७,२३६ रुग्ण व ९८१ मृत्यू झाले. २०१० साली २०,६०४ रुग्ण व १,७६३ मृत्यू. आणि २०१५ च्या साथीत ४२,५९२ रुग्ण व २,९९० मृत्यू. भागाकार केला तर मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ३.६, ८.६ आणि ७ येते. मग एका वर्षात हा विषाणू दुपटीहून अधिक मारक झाला काय? तसे मानण्याचे कारण नाही. अंशस्थानी मृत्यू होते, ते बरेचसे मोजले गेले. छेदस्थानी बाधित हवे होते. तेथे आपण ‘तपासणी झालेले अत्यवस्थ रुग्ण’ हा आकडा मांडला. छेद लहान झाला की अपूर्णांक मोठा होतो, हे शालेय गणित आहे.

मोजणीतील ही तूट जुनीच आहे. १९५७ च्या महासाथीत चाळीस कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात सुमारे साडेचव्वेचाळीस लाख रुग्णांची आणि सुमारे अकराशे मृत्यूंची नोंद झाली होती. जगाचा हिशेबही असाच आहे. २००९ च्या महासाथीत प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलेले मृत्यू साडेअठरा हजारांच्या आत होते. पुढे २०१२ साली शास्त्रज्ञांनी मांडलेल्या अंदाजानुसार पहिल्या वर्षातील प्रत्यक्ष मृत्यू २ लाख ८४ हजारांच्या आसपास, म्हणजे पंधरापट होते. मृत्यूसारखी ढळढळीत घटना जेथे पंधरापैकी एकदाच नोंदली जाते, तेथे नाक गळणाऱ्या परिचारिकेची बाधा कोण लिहून ठेवणार? ती ‘अ’ वर्गात मोडते. नियमानुसारच तिची तपासणी होत नाही आणि नियमानुसारच ती निरोगी ठरते. सामान्य नागरिकाच्या बाबतीत ही चूक त्याच्या घरापुरती राहू शकते. परिचारिकेच्या बाबतीत ती अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचते. तेथे मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रस्त, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, अपुऱ्या दिवसांचे अर्भक असे जीव असतात, आणि त्यांना हा रोग सौम्य राहत नाही.

भयाला जागा किती?

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. एवढी बाधा अदृश्य असते असे म्हटले की प्रत्येक परिचारिकेकडे संशयाने पाहण्याची प्रवृत्ती बळावते. साथीच्या काळात घरमालकांनी रुग्णालयीन कर्मचाऱ्यांना खोली सोडावयास सांगावे, शेजाऱ्यांनी जिन्यात वाट द्यावयास कचरावे, हे प्रकार २०२० साली करोनाच्या वेळी आपल्या शहरांत घडले आहेत. या वृत्तीला शास्त्राचा आधार नाही. लक्षणे नसलेल्या माणसाच्या नाकाघशातून विषाणू बाहेर पडतो तो सामान्यतः कमी प्रमाणात आणि कमी दिवस. अशा माणसाकडून रोग किती पसरतो, याविषयीचा पुरावा अद्याप तुटपुंजा आहे. बाधा होणे आणि बाधा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय, रुग्णालयात काम करणे म्हणजे बाधा ठरलेलीच, असेही नाही. सिंगापूरमध्ये २००९ साली महासाथीच्या पहिल्या लाटेच्या आधी व नंतर चार गटांचे रक्त तपासण्यात आले. सर्वसाधारण नागरिकांत सुमारे १३ टक्के, सैनिकांत २९ टक्के, मोठ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांत साडेसहा टक्के आणि दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थांत सव्वा टक्क्याच्या आसपास लोकांना बाधा झालेली आढळली. सार्सचा अनुभव २००३ साली घेतलेल्या त्या शहरात मुखपट्टे, विलगीकरण व कर्मचाऱ्यांवरील देखरेख ही सारी शिस्त बसलेली होती. तिच्या आधारे रोग्यांच्या सान्निध्यात दिवस काढणारा कर्मचारी शहरातल्या नागरिकापेक्षाही सुरक्षित राहू शकला. तेव्हा अदृश्य बाधेचे प्रमाण ही दैवाधीन गोष्ट नाही. संस्था कशी चालवली जाते यावर ते पुष्कळसे अवलंबून आहे.

दोन दिवसांचा पगार

न कळलेल्या बाधेचे तीन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाली की उपायही चुकतात. पहिल्यात लक्षणे मुळीच नसतात. दुसऱ्यात घसा खवखवतो, अंग मोडून येते. पण त्याचे खापर रात्रपाळीच्या शिणावर किंवा पाणी बदलल्यावर फोडले जाते. तिसऱ्यात ताप असतो, तो कळतही असतो. परंतु पॅरासिटामॉलची गोळी घेऊन मनुष्य कामावर येतो आणि कोणाला सांगत नाही. ही तिसरी बाधा विषाणूने लपवलेली नसते, रुग्णालयाच्या रजेच्या नियमांनी लपवलेली असते.

अमेरिकेत २०१४-१५ च्या हंगामात केलेल्या पाहणीत, इन्फ्लुएंझासारखी लक्षणे असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ४१ टक्के लोक आजारपणातही कामावर गेल्याचे आढळले, तेही सर्वसाधारणपणे तीन दिवस. कारणे विचारली असता बहुतेकांनी ‘काम करण्याइतपत बरे वाटत होते’ असे सांगितले. वृद्धांच्या शुश्रूषागृहांतील कर्मचाऱ्यांचे प्रमुख कारण मात्र पगार बुडणे परवडत नाही, हे होते. ही शुश्रूषागृहे म्हणजे जेथे इन्फ्लुएंझा सर्वांत घातक ठरतो अशी ठिकाणे.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. आर्थर पिगू यांनी १९२० साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी केली. एखाद्या कृतीचा लाभ एकाला मिळतो आणि तिची किंमत व्यवहाराशी संबंध नसलेला दुसराच कोणी मोजतो, तेव्हा ती कृती समाजाच्या हिताच्या मर्यादेबाहेर घडत राहते. कारखान्याचा धूर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तापात कामावर येणाऱ्या आयेचे उदाहरणही त्याच जातीचे आहे. घरी बसली तर रोजाचे नुकसान तिचे. आली तर त्या दिवसाचे काम रुग्णालयाला मिळते. आणि बाधेची किंमत तिसऱ्या खाटेवरचा म्हातारा मोजतो. तिघांपैकी ज्याला या सौद्यात काहीही विचारले जात नाही, त्याच्याच जिवाशी तो खेळला जातो. अशा आयेला कर्तव्याचे व्याख्यान देऊन उपयोग नाही. तिच्या दृष्टीने तिचा निर्णय सयुक्तिक आहे.

आपल्या रुग्णालयांत कायम कर्मचाऱ्याला किरकोळ रजा, अर्जित रजा, वैद्यकीय रजा असे सारे असते. पण सफाई, सुरक्षा, रुग्णांची ने-आण, कपडे धुणे ही कामे मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे गेली आहेत आणि परिचारिकांच्या नेमणुकाही पुष्कळ ठिकाणी कंत्राटी आहेत. कंत्राटी माणसाच्या बाबतीत हजेरी नाही तर पगार नाही, हा व्यवहार बहुधा चालतो. राज्य कामगार विमा योजना हा यावर एक उतारा होता. १९४८ च्या त्या कायद्याने आजारपणात वेतनाचा काही भाग मिळण्याची सोय केली, ही या देशाच्या सामाजिक इतिहासातील मोठी गोष्ट होय. पण त्या मूळ कायद्यात अशी तरतूद होती की, आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ सामान्यतः मिळणार नाही. खोट्या आजारपणाला आळा बसावा हा तिचा हेतू उघड आहे आणि क्षय किंवा अपघात यांच्या बाबतीत तिने फारसे बिघडत नाही. इन्फ्लुएंझाचे गणित नेमके उलटे आहे. त्याचा विषाणू लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून बाहेर पडू लागतो आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. ज्या दोन दिवसांत मनुष्याने घरी राहणे समाजाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे, नेमके तेच दोन दिवस हा नियम बिनपगारी करतो.

पहिल्या दिवसापासून पगार दिला तर लोक आळशी होतील, हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यांश आहे. काही खोट्या रजा निघतीलच. जर्मनीत आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण वेतन मालकाने पहिल्या दिवसापासून द्यावे लागते आणि सामान्यतः तीन दिवसांपेक्षा अधिक आजारपण असेल तरच डॉक्टरांच्या दाखल्याची सक्ती होते. त्यावर तेथील मालक कुरकुरतात, पण रुग्णालये बंद पडलेली नाहीत. अमेरिकेतील ज्या शहरांनी व राज्यांनी पगारी आजारपणाची रजा सक्तीची केली, तेथे इन्फ्लुएंझासारख्या आजारांचे प्रमाण कमी झाल्याचे अर्थशास्त्रज्ञ पिश्लर व झीबार्थ यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले आहे. तेव्हा तुलना करावयाची ती खोट्या रजांचा खर्च आणि खऱ्या संसर्गाचा खर्च यांची. अंदाजपत्रकात पहिला खर्च दिसतो, दुसरा रोग्याच्या बिलात आणि कधी त्याच्या मृत्यूच्या दाखल्यात लपतो, एवढाच फरक आहे.

रजा मंजूर करणे हेही अर्धेच काम झाले. चाळीस खाटांच्या दालनात दोन परिचारिका असतील आणि त्यांतली एक घरी बसली, तर दुसरीवर दुप्पट भार पडतो हे तिला ठाऊक असते. म्हणूनच ताप अंगावर काढणारी परिचारिका पुष्कळदा पगारासाठी नव्हे, सहकारिणीच्या भिडेपोटी येते. बदली कर्मचाऱ्यांची राखीव फळी नसेल, तर पगारी रजेचा नियम कागदावरच राहील.

लस आणि सक्ती

पहिल्या दोन प्रकारच्या बाधेपुढे रजेचा नियम लंगडा पडतो. ज्याला आजार जाणवलाच नाही तो रजा कशाची मागणार? तेथे दोनच मार्ग उरतात. साथीच्या काळात रुग्णाजवळ जाणाऱ्या प्रत्येकाने, मग तो ठणठणीत का असेना, मुखपट्टा बांधणे, हात धुणे आणि दालनात हवा खेळती ठेवणे हा एक. आणि लस हा दुसरा.

लसीच्या बाबतीत अतिशयोक्ती टाळली पाहिजे. स्कॉटलंडमधील २० दीर्घकालीन शुश्रूषा रुग्णालयांत १९९६-९७ च्या हिवाळ्यात झालेल्या प्रयोगात, कर्मचाऱ्यांना लस देऊ केलेल्या रुग्णालयांत १३.६ टक्के आणि इतर रुग्णालयांत २२.४ टक्के रुग्ण दगावले. हा फरक मोठा आहे. किंबहुना तो इतका मोठा आहे की लसीच्या ज्ञात परिणामकारकतेशी त्याचा मेळ बसत नाही, अशी टीका पुढे २०१७ साली झाली आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी घ्यावी लागते, तिचे संरक्षण वर्षागणिक कमीजास्त असते आणि नव्या महासाथीत ती हाती येईपर्यंत पहिली लाट ओसरू शकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारण्याची लस बाजारात आली ती जुलै २०१० मध्ये, पुण्यातील पहिल्या मृत्यूनंतर जवळजवळ वर्षभराने. एवढे मान्य करूनही, स्वस्त, सुरक्षित आणि अंशतः गुणकारी साधन नाकारण्याचे कारण नाही. ते कर्मचाऱ्याला फुकट, कामाच्या वेळेत आणि कामाच्या जागी मिळाले पाहिजे. त्यासाठी त्याने रजा काढून रांगेत उभे राहावे अशी अपेक्षा करणे गैर आहे.

सक्तीचा मार्ग मात्र जपून वापरावा. न्यूयॉर्क राज्याने २००९ साली आरोग्य कर्मचाऱ्यांना लस सक्तीची केली. प्रकरण न्यायालयात गेले, तिकडे लसीचाच तुटवडा पडला आणि ऑक्टोबरमध्ये सक्ती स्थगित करावी लागली. ज्या कर्मचाऱ्याला आजारपणाचा पगार देण्याची आपली तयारी नाही, त्याच्या दंडावर हक्क सांगण्याचा नैतिक अधिकार आपल्याला कितपत पोहोचतो, हाही प्रश्न आहेच.

करावयाचे ते आजच

यातून निघणाऱ्या सूचना थोड्या आहेत आणि अव्यवहार्य नाहीत. प्रत्येक मोठ्या शासकीय व खासगी रुग्णालयाने कंत्राटी कर्मचाऱ्यांसह सर्वांना श्वसनाच्या आजारासाठी पहिल्या दिवसापासून पगारी रजा द्यावी आणि पहिल्या तीन दिवसांसाठी दाखला मागू नये. कंत्राटाच्या निविदेतच या रजेचा व बदली माणसाचा खर्च धरला, तर कंत्राटदारालाही तक्रारीस जागा राहणार नाही. आणि निवडक रुग्णालयांत दरवर्षी पावसाळ्याआधी व नंतर कर्मचाऱ्यांच्या संमतीने, नावे गुप्त ठेवून, रक्ताचे नमुने तपासावेत. आपल्याकडे इन्फ्लुएंझाचा जोर पावसाळ्यात वाढतो, तेव्हा हाच काळ योग्य. महाराष्ट्रात हे अशक्य नाही. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुण्यातच आहे. आणि मुंबईत जुलै २०२० मध्ये करोनासाठी झालेल्या रक्तपाहणीत झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के आणि इतर वस्त्यांतील १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, तेव्हा नोंदलेल्या रुग्णसंख्येमागे केवढी अदृश्य संख्या उभी आहे हे साऱ्या देशाने पाहिले.

इन्फ्लुएंझाच्या चार ठळक महासाथी १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ या वर्षी आल्या. त्यांच्यातील अंतरे ३९, ११ आणि ४१ वर्षांची आहेत. या मालिकेवरून पुढचे वर्ष काढता येईल असे सूत्र कोणाजवळ नाही. साथ दारात आल्यावर खाटा वाढवता येतात, मुखपट्टे मागवता येतात, शाळा बंद करता येतात. रजेचे नियम, बदलीची फळी आणि सांगितल्याने शिक्षा होणार नाही हा कर्मचाऱ्याच्या मनातला विश्वास या गोष्टी मात्र आठवड्याभरात उभ्या राहत नाहीत. त्या शांततेच्या काळातच उभ्या कराव्या लागतात, आणि त्यांचा खर्च फार मोठा नाही. एका आयेचा दोन दिवसांचा पगार, एवढाच तो आहे.